फोटोच्या मागे लिहा

दिवाळीपूर्वी कपाट आवरताना जुन्या फोटोंचा डबा निघाला. नातीने एक फोटो उचलून विचारले, "आजोबा, हे कोण?" लष्करी गणवेशात, खुर्चीवर ताठ बसलेले ते माझे थोरले चुलते. दुसऱ्या महायुद्धात ते मराठा पलटणीबरोबर इटलीत होते. तिथे जखमी झाले आणि घरी परतल्यावर साताऱ्याच्या स्टुडिओत हा फोटो काढला. आम्ही मुले म्हणायचो, "काका काय रुबाबात बसलेत!" एकदा आजी म्हणाली, "रुबाब कसला! उभं राहवत नव्हतं, म्हणून बसवला."

लढाईनंतर सावरणाऱ्या माणसांचे फोटो पाहताना मला आजीचे ते वाक्य आठवते. असे प्रसिद्ध फोटो ब्रॅकनेलहून फार दूरचे नाहीत. ब्राइटनचा रॉयल पॅव्हेलियन तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. डिसेंबर १९१४ ते जानेवारी १९१६ या काळात तिथे जखमी हिंदी सैनिकांचे रुग्णालय होते. झुंबरांखाली ओळीने लावलेल्या खाटा, हिरवळीवर बसलेले फेटेवाले जवान. ए. एच. फ्राय यांनी टिपलेली ही दृश्ये सुरेख आहेत. पण ती सुरेख असावीत असाच हेतू होता. आपली माणसे राजवाड्यात बरी होत आहेत, हे हिंदुस्थानातल्या घराघरांत पोचावे आणि भरती चालू राहावी, म्हणून त्यांची पोस्टकार्डे निघाली. इंग्रजी, गुरुमुखी आणि उर्दूत पुस्तिकाही निघाली. मराठीत नाही. वास्तविक खडकीच्या सॅपर्स पलटणीच्या दोन कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ रोजी फ्रान्समध्ये न्यव्ह शापेलला लढल्या होत्या, आणि त्या पलटणीत मराठे होते.

त्याच हिरवळीवर ऑगस्ट १९१५ मध्ये पंचम जॉर्ज यांनी जमादार मीर दस्त यांना व्हिक्टोरिया क्रॉस दिला. त्याचेही फोटो आहेत. मीर दस्त यांना ईप्रच्या लढाईत विषारी वायूची बाधा झाली होती. राजाने काही इच्छा विचारली, तेव्हा त्यांनी मागितले ते एवढेच, की एकदा जखमी झालेल्याला बरा झाल्यावर पुन्हा आघाडीवर धाडू नये. हे ऐकले की सगळे फोटो वेगळे दिसू लागतात. तिथे बरे होणे म्हणजे पुन्हा लढण्याजोगे होणे! हे फोटोत कुठेच दिसत नाही. ते माणसाने बोलल्यामुळे कळले.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. फोटो माणूस वाचला एवढे सांगतो. तो सावरला का, हे त्याचे नाव आणि त्याचे बोलणे सोबत असेल तरच कळते. फोटो खोटे आहेत असे मी म्हणत नाही. ते नसते तर ही माणसे इथे होती हेच आपण विसरलो असतो. पण नावाविना ते शोभेचे चित्र होऊन बसतात.

कुणी म्हणेल, खपली कशाला काढायची? आमच्या घरीही हेच म्हणत. चुलते रात्री उठून खळ्यात एकटे जाऊन बसत. त्यांना कुणी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. खपली न काढल्याने जखम भरली असे मला तरी वाटत नाही.

तेव्हा यंदा फराळ झाल्यावर तुमचा डबा काढा. युद्धातला असो, फाळणीतला असो की दंगलीनंतरचा, प्रत्येक फोटोमागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहा, आणि फोटोत न दिसणारी एक गोष्टही. इथे वाढलेल्या मुलांनो, तुम्ही विचारा. इंग्रजीत विचारलेत, इंग्रजीत लिहिलेत तरी चालेल. पण आजी-आजोबा आहेत तोवर विचारा.

चुलत्यांच्या फोटोमागे मी लिहिले: नाव, गाव, इटली, "उभे राहवत नव्हते." सालाची जागा कोरी आहे. ते सांगणारे आता कुणी उरले नाही.