पप्पांना गेटबाहेर कुणी उभं केलं?

आज ज्यांची मुलं सातवी-आठवीत आहेत, त्या वडिलांमध्ये पोलिओ झालेली माणसं दिसतात ती आता शेवटचीच. देशात पल्स पोलिओ मोहीम १९९५च्या डिसेंबरात सुरू झाली, शेवटचा रुग्ण २०११च्या जानेवारीत पश्चिम बंगालमधल्या हावड्याला सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. त्या मोहिमेच्या आधी ज्यांना लहानपणी ताप भरला आणि ताप उतरल्यावर पाय उचलेनासा झाला, ती पोरं आता चाळिशी-पन्नाशीत आहेत. एसटीडी बूथ देताना अपंगांना प्राधान्य होतं, तेव्हा अनेकांचे संसार त्या काचेच्या खोक्यावर उभे राहिले. मोबाइल आले आणि बूथ गेले. मग झेरॉक्स, रिचार्ज, ऑनलाइन फॉर्म भरून देणं. नाशिकमध्ये, सिडकोत, सातपूरला, नाशिकरोडला असे बाप रोज दुकानाचं शटर वर करतात आणि संध्याकाळी पोरांचा अभ्यास घेतात.

त्यांच्या पोरांनी मात्र पोलिओ पाहिलेलाच नाही. मोहिमेच्या रविवारी दोन थेंब घ्यायचे आणि करंगळीवरची शाई मिरवायची, एवढाच त्यांचा त्याच्याशी संबंध. आधीच्या पिढीत वर्गात, गल्लीत, नात्यात पोलिओ झालेलं कुणीतरी असायचंच. आता अख्ख्या वर्गात तसा चालणारा बाप एकाच मुलाचा असतो. त्या एका मुलाबद्दल मला आज लिहायचं आहे.

तीन-चार वर्षांचं मूल वडिलांच्या पायाकडे कसं बघतं, हे ज्यानं पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको. पायाला आधार देणाऱ्या कॅलिपरची गुडघ्याजवळची कडी उभं राहताना लावायची आणि बसताना सोडवायची, हे काम ते हक्कानं स्वतःकडे घेतं. कुबडीची कधी बंदूक होते, कधी स्टंप. त्या बारीक मांडीवर डोकं ठेवून ते झोपी जातं. तीनचाकी स्कूटरवर पप्पांच्या पुढ्यात बसून जाताना गल्लीतल्या सगळ्या पोरांपेक्षा आपली गाडी भारी, असं त्याला मनापासून वाटतं. पप्पांचा पाय म्हणजे पप्पांचा पाय. त्यात काही कमी आहे, हे त्याच्या गावीही नसतं.

आणि मग पाचवी-सहावीत कधीतरी तेच मूल दप्तर ठेवता ठेवता खाली बघून म्हणतं, ‘पप्पा, उद्या मीटिंगला तुम्ही नका येऊ. मम्मीला पाठवा.’

पाय तोच आहे, बापही तोच. मधल्या काळात मूल शाळेत गेलं, एवढंच काय ते घडलं. म्हणून अशा वेळी ‘पोरगं बिघडलं’, ‘बापाची किंमत नाही’ म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. लाज घरात उगवलेली नसते. पालकसभा दुसऱ्या मजल्यावर असते. जिन्याला कठडा एकाच बाजूला असतो. वडील एकेक पायरी चढू लागले की मागची माणसं थबकतात आणि बोलणं एकदम थांबतं. शिपाई चांगल्या मनानं गेटजवळ खुर्ची आणून देतो. बाई, त्याही चांगल्या मनानंच, सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगतात की तुम्ही नका त्रास घेऊ, मीच खाली येते. पोराला वडिलांच्या पायाची लाज वाटत नसते. त्याला त्या थांबलेल्या बोलण्याची, त्या खुर्चीची लाज वाटते. मधल्या सुट्टीत कुणी चालण्याची नक्कल करून दाखवतं, ‘लंगड्याचा पोरगा’ हे नाव पडतं, आणि पुढं कित्येक महिने ते घरी कळतसुद्धा नाही. मूल आई-वडिलांना सांभाळून घेतं. या वयात ते किती सांभाळून घेतं, याचा अंदाज मोठ्यांना नसतो.

पोलिओचे बाप काही वर्षांनी दिसेनासे होतील. पण आपलं शहर दुसऱ्या वाटेनंही असे बाप घडवतं. सातपूर-अंबडच्या लहान वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर पत्रा हातानं डायमध्ये सरकवावा लागतो. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये, अशी सोय करता येते. हात आत असेल तर यंत्र थांबवणारा सेन्सरही बसवता येतो. जिथं खर्च वाचवण्यासाठी तो बसवत नाहीत, किंवा माल लवकर निघावा म्हणून बंद करून ठेवतात, तिथं बोटं जातात. कामगार नुकसानभरपाईच्या १९२३च्या कायद्याला एक तक्ता जोडलेला होता. अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली, एका हाताची चारही बोटं गेली तर ५० टक्के, नुसती तर्जनी गेली तर १४. भरपाई ठरवायला असा हिशोब लागतोच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण बोटं गेली त्या दिवसानंतर तो कामगार फोटो काढताना हात खिशात घालतो आणि प्रगतिपुस्तकावर सही करायला बायकोला सांगतो. पोरगं हे बघत असतं. बाप स्वतःच हात लपवतो, म्हणजे त्यात लपवण्यासारखं काही असणार, असं ते धरून चालतं.

चौदा-पंधराव्या वर्षी लाजेच्या जागी राग येतो. एसटीत अपंगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, अपंगत्व जास्त असेल तर सोबत्यालाही सवलत मिळते. सोबती बहुतेक वेळा घरातलं पोरच असतं. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये अपंगत्वाच्या दाखल्यासाठी, यूडीआयडी या ओळखपत्रासाठी, बँकेत, रेशनवर तेच सोबत जातं. मित्र सोमेश्वरला फिरायला निघालेले असतात आणि हा रांगेत पप्पांची फाईल धरून उभा असतो. ‘माझेच पप्पा असे का?’ हा प्रश्न त्याच वेळी मनात येतो आणि तो आल्याबद्दल त्याच क्षणी अपराधीही वाटतं. राग आणि अपराधीपणा ही दोन्ही ओझी ते एकट्यानं वाहतं, कारण हे बोलायचं कुणाशी?

आपल्या भाषेत आई-वडिलांवरच्या मायेचं सर्वांत मोठं पुस्तक याच नाशिकच्या तुरुंगात लिहिलं गेलं. साने गुरुजींनी १९३३च्या फेब्रुवारीत ‘श्यामची आई’ इथं लिहिली. त्या पुस्तकावर माझा जीव आहे. पण त्यावर वाढलेल्या आपण वडीलधाऱ्यांनी एक सवय लावून घेतली आहे: मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं, पश्चात्ताप झाला, की आपलं समाधान होतं. अपंग बापाच्या मुलाकडून आपण हेच मागतो. ‘बघ तुझे वडील किती जिद्दीचे’ असं ऐकवून त्याचा राग दाबून टाकतो. मग उदाहरण द्यायला मुरलीकांत पेटकर असतातच. सांगली जिल्ह्यातला हा जवान १९६५च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाला, १९७२ला हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यानं भारताला पहिलं वैयक्तिक सुवर्ण मिळवून दिलं आणि २०१८ला पद्मश्री झाला. त्यांच्याबद्दल माझ्या मनात पूर्ण आदर आहे. पण झेरॉक्सच्या दुकानात बसणाऱ्या बापावर प्रेम करायला त्यानं आधी सुवर्णपदक कशाला आणायचं? तो जिद्दीचा असेल, नसेल. कधी चिडत असेल, दमत असेल, चिडून कुबडी आपटत असेल. इतर बापांसारखाच बरावाईट बाप असण्याचा त्याला अधिकार आहे आणि इतर पोरांसारखं बापावर रागवण्याचा त्याच्या पोराला.

माझ्या मते, ज्या घरात त्या पायाबद्दल, त्या हाताबद्दल मोकळेपणानं बोललं जातं, त्या घरातल्या पोराला हा काळ पार करणं सोपं जातं. काय झालं होतं, दुखतं का, मला होईल का, हे प्रश्न पोराच्या मनात असतातच. अगदी लहानपणीच त्यांची सरळ उत्तरं मिळाली, तर शाळेतल्या टवाळीला द्यायला त्याच्याजवळ काहीतरी असतं.

राहिलं काम बाहेरच्यांचं, आणि ते जास्त आहे. दिव्यांग हक्क कायदा २०१६चा आहे. त्याचे नियम जून २०१७मध्ये आले आणि तिथून पाच वर्षांत जुन्या सार्वजनिक इमारती सर्वांना वावरता येतील अशा करायच्या होत्या. शाळाही त्यात येतात. ती मुदत २०२२लाच संपली. ८ नोव्हेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयानं राजीव रतुरी खटल्यात सरकारला बजावलं की सुगम्यतेचे निकष ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, ते सक्तीचेच हवेत. सार्वजनिक ठिकाणी अपंग व्यक्तीचा हेतुपुरस्सर अपमान करणाऱ्याला याच कायद्याच्या कलम ९२ खाली सहा महिने ते पाच वर्षं तुरुंगवास होऊ शकतो. शाळेत रॅम्पचा विषय निघतो तो विद्यार्थ्यांपुरता. अपंग माणूस पालक म्हणूनही शाळेत येईल, हे कुणाच्या मनातच येत नाही. २०२७च्या सिंहस्थासाठी नाशिकमध्ये रस्ते आणि घाट होत आहेत. पाहुण्यांसाठी एवढं करणाऱ्या शहराला आपल्या शाळांच्या जिन्याला दुसरा कठडा बसवणं जड नाही.

मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे: पुढच्या पालकसभेची नोटीस काढण्याआधी प्रत्येक वर्गशिक्षकाला विचारा, जिना चढायला कुणा पालकाला अडचण आहे का. एकाचंही नाव आलं, तर त्या वर्गाची सभा तळमजल्यावर घ्या, सगळ्यांचीच, कारण न सांगता. आणि पप्पांनो, पोरगं नको म्हणालं तरी तुम्ही जा. गेटबाहेर थांबू नका.