डब्यात आधी १ का ठेवायचा?



हल्ली चौथी-पाचवीतल्या मुलांनाही कोडिंगचा क्लास लावला जातो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंगचे उपक्रम सुचवले आहेत. त्यामुळे पालकांची घाई समजू शकते. पण माझं मत विचाराल तर कोडिंगची पहिली पायरी संगणकावर नाही, गणिताच्या तासाला आहे. एक साधं उदाहरण घेऊ.

यादीतल्या सगळ्या संख्यांचा गुणाकार करायचा आहे. समजा यादी आहे ४, ५, ३, २. आपण प्रोग्रॅममध्ये एक डबा ठेवतो, त्यालाच व्हेरिएबल म्हणतात. मग यादीतली एकेक संख्या घ्यायची, डब्यात जे आहे त्याला तिने गुणायचं आणि आलेलं उत्तर परत डब्यात ठेवायचं. यादी संपली की डब्यात उरलं ते उत्तर.

पण सुरुवातीला डब्यात काय ठेवायचं? मुलं बहुतेक वेळा बेरजेचा प्रोग्रॅम आधी शिकतात. तिथे सुरुवात ० ने होते. तोच प्रोग्रॅम घेऊन फक्त अधिकच्या जागी गुणिले केलं, तर उत्तर येतं ०. कोणतीही यादी द्या, उत्तर ०! गंमत म्हणजे संगणक चूक दाखवत नाही, प्रोग्रॅम अडत नाही. तो निमूटपणे चुकीचं उत्तर देतो.

अशा वेळी "० खोडून १ लिही" एवढंच सांगितलं तर प्रोग्रॅम सुधारतो, मूल मात्र तिथंच राहतं. खरा धडा त्या 'का' मध्ये आहे. बेरजेत ० मिळवल्याने काही बदलत नाही, गुणाकारात १ ने गुणल्याने काही बदलत नाही. म्हणून सुरुवात अशा संख्येने करायची, जी पुढच्या उत्तराला धक्का लावणार नाही. हे तर आपण पाढ्यांसोबतच शिकवतो!

संगणक नसला तरी हे वर्गात सहज करता येतं. चार मुलांना संख्याकार्डे देऊन रांगेत उभं करा. पाचव्या मुलाच्या हातात पाटी द्या, पाटीवर १ लिहा. तो रांगेतून पुढे जाईल आणि प्रत्येकापाशी पाटीवरची संख्या बदलेल : ४, २०, ६०, १२०. मग पाटीवर ० लिहून हाच खेळ पुन्हा घ्या. काय बिघडलं ते मुलंच ओरडून सांगतील.

आता एका मुलाच्या हातात ० चं कार्ड द्या आणि पाटीवर परत १ लिहा. उत्तर पुन्हा ०, पण या वेळी ते बरोबर आहे. दोन्ही शून्यांतला फरक मुलांना बोलू द्या. "० आल्यावर पुढे जायची गरज आहे का?" हेही विचारा. कुठे थांबायचं हे ठरवणं म्हणजे प्रोग्रॅमिंगचाच विचार आहे.

शेवटी रांग रिकामी करा. गुणाकार किती? मुलं ० म्हणतील. मग यादीचे दोन भाग करून दाखवा. ४ व ५ चा गुणाकार २०, ३ व २ चा ६, आणि २० गुणिले ६ म्हणजे १२०. आता चारही संख्या एका बाजूला घ्या, दुसरी बाजू रिकामी ठेवा. १२० ला कितीने गुणलं की १२० च येईल? १ ने. म्हणून रिकाम्या यादीचा गुणाकार १.

कुणी म्हणेल, पायथॉनमध्ये तर गुणाकाराची तयार सूचना आहे, मग एवढा खटाटोप कशाला? आहे खरी, २०१९ च्या ३.८ आवृत्तीपासून आहे. तीसुद्धा रिकाम्या यादीला १ हेच उत्तर देते. तयार सूचना जरूर वापरावी. पण हे १ पाहून जे मूल गोंधळणार नाही, त्याच्याच हातात ती शोभते.

म्हणून पालकहो, "क्लासमध्ये किती प्रोग्रॅम केलेस?" असं विचारण्याऐवजी "डब्यात आधी १ का ठेवलास?" असं विचारून बघा. उत्तर आलं तर फी सार्थकी लागली. आणि ज्या शाळेत संगणकच नाही तिथल्या शिक्षकांनो, आपली मुलं मागे पडली असं मानू नका. पाटी, खडू आणि हा एक प्रश्न एवढ्यावर सुरुवात होते. या आठवड्यात वर्गात करून बघा आणि मुलं काय म्हणाली ते नक्की कळवा.