‘पहिली स्त्री’ या बिरुदाआडच्या डोरोथी फील्ड्स

ब्रॉडवेच्या संगीत रंगभूमीच्या इतिहासात गीतकार डोरोथी फील्ड्स (१९०४–१९७४) बहुधा ‘पहिली स्त्री’ या बिरुदासह भेटतात. १९३६ च्या ‘स्विंग टाइम’ या चित्रपटातील ‘द वे यू लुक टुनाइट’ने त्यांना ऑस्कर मिळाले, गीतलेखनाचे ते पारितोषिक त्यापूर्वी कोणाही स्त्रीला मिळाले नव्हते. हे खरेच; परंतु या बिरुदाआड त्यांच्या शब्दांचा विचार राहून गेला, असे मला वाटते.

वडील ल्यू फील्ड्स नामांकित विनोदी नट. मुलांनी रंगभूमीवर येऊ नये ही त्यांची इच्छा (मुलांनी ती मानली नाही, हे सांगायला नकोच). संगीतकार जिमी मॅकह्यू यांच्यासह १९२८ च्या ‘ब्लॅकबर्ड्‌स’ची गाणी लिहून डोरोथी गाजल्या. गाणी गोऱ्यांनी लिहायची आणि कृष्णवर्णीयांनी गायची, ही त्या काळची विषम व्यवस्था मात्र या यशाचे कौतुक करताना विसरता येत नाही.

त्यांचे खरे सामर्थ्य बोलभाषेत आहे. आपल्याकडेही तयार चालींवर नाट्यपदे रचली गेली. पण मात्रा भरताना आपल्या पदकारांनी अनेकदा संस्कृत समासांचा आधार घेतला. फील्ड्स नेमक्या उलट वाटेने गेल्या. ‘अ फाइन रोमान्स’मधील प्रेयसी विरहाने झुरत नाही, ती थंड प्रियकराविषयी कुरकुरते, आणि तिच्या उपमा चंद्राच्या नव्हेत, ताटातल्या पदार्थांच्या असतात!

१९६६ साली ‘स्वीट चॅरिटी’ आले तेव्हा त्या ६१ वर्षांच्या होत्या. संगीतकार साय कोलमन त्यांच्याहून सुमारे २५ वर्षांनी लहान. त्यातील ‘बिग स्पेंडर’ हे पैसे घेऊन गिऱ्हाइकांबरोबर नाचणाऱ्या स्त्रियांचे गाणे. वरवर ते आमंत्रण आहे. परंतु त्यातील स्तुती ही रोजची, पाठ झालेली आहे, दारातून येणाऱ्या प्रत्येकासाठी तीच आहे, हे शब्दांच्या ठरीव वळणातूनच कळते. त्या स्त्रियांचा थकवा वेगळा सांगावा लागत नाही. नव्या पिढीची बोली साठीनंतर इतक्या अचूकपणे पकडणारे गीतकार कितीसे असतील?

श्रेयाचा प्रश्न राहतोच. ‘अ‍ॅनी गेट युवर गन’ (१९४६) ची मूळ कल्पना त्यांची, संहिता त्यांची व बंधू हर्बर्ट यांची. संगीत जेरोम कर्न देणार होते व गीते फील्ड्स लिहिणार होत्या. १९४५ मध्ये कर्न यांचे निधन झाले आणि आपली गीते स्वतःच लिहिणारे अर्व्हिंग बर्लिन आले. फील्ड्स यांनी गीतलेखन सोडून दिले. आज ते नाटक बर्लिन यांचे म्हणूनच ओळखले जाते.