स्नॉर्केल आणि बोरीचे पाणी

पावसाळा जवळ आला की आपल्या व्यापारी घरांतील तरुण मंडळी थार गाडीला स्नॉर्केल बसविण्याच्या गोष्टी करू लागतात. हौस गैर नाही. हिशेब मात्र पुरता मांडावा.

सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी हवेसारखे दाबले जात नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन निकामी होते. स्नॉर्केल हवेची वाट छतापाशी नेते, इतकेच त्याचे काम. गिअरबॉक्स व डिफरन्शियलच्या हवा-नळ्या खालीच राहिल्या, तर तापलेले भाग पाण्यात निवताच आतली हवा आकसते आणि पाणी तेलात ओढले जाते. या साध्या रबरी नळ्या आधी उंच न्याव्यात. त्या दिसत नाहीत, म्हणूनच बहुधा त्यांवर कोणी खर्च करीत नाही!

२०२० च्या थारसाठी महिंद्राने सांगितलेली मर्यादा ६५० मिलिमीटर, म्हणजे दोन फुटांहून किंचित अधिक. पण हा आकडा संथ पाण्याचा. बोरीच्या फरशी पुलावरून दोन फूट लोंढा वाहत असेल, तर तो जड गाडीलाही उचलून बाजूला सारू शकतो. तेथे स्नॉर्केल काय करणार?

बेकायदा फेरबदलाला मोटार वाहन कायद्यात प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहेत. इंजिनात पाणी गेल्याचे नुकसान साध्या विम्यात सहसा मिळत नाही.

गाडी पाण्यात बंद पडली, तर पुन्हा किल्ली फिरवू नये. दोराने बाहेर ओढून प्रथम एअर फिल्टर उघडावा. तो ओला असेल, तर मेकॅनिक येईपर्यंत हात लावू नये.