निदानावाचून औषध व्यर्थ

ज्या उपजत व्याधीत संरक्षक पेशींतील ‘पीआय-३-कायनेज डेल्टा’ हे विकर अखंड उद्दीपित राहून फुप्फुसांचे संसर्ग वारंवार उद्भवतात, तीवर नेमका त्याच विकराला आवर घालणारे लेनिओलिसिब हे औषध अमेरिकेत मार्च २०२३ मध्ये १२ वर्षे व त्यापुढील रुग्णांसाठी मंजूर झाले, ही निःसंशय अभिनंदनीय गोष्ट होय. परंतु परभणी जिल्ह्याच्या जिंतूर वा गंगाखेड तालुक्यातील एखादे मूल वर्षानुवर्षे केवळ न्यूमोनियाचेच उपचार घेत राहिले, तर मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय संस्थेचे प्रतिरक्षाविषयक ज्ञान आणि २०२१ च्या दुर्मीळ रोग धोरणातील सूचीबद्ध रोगांसाठीची साहाय्याची तरतूद, दोन्ही त्याच्यापुरती दप्तरातच राहतात. म्हणून या औषधाच्या किमतीचा वाद घालण्यापूर्वी सरकारने परभणीहून संशयित रुग्णांचे रक्तनमुने मुंबईस रवाना करण्याची कायम तजवीज करावी.