आधी संवाद, मग धमाका!

सिनेमा आता थिएटरमधून थोड्याच दिवसांत घरच्या टीव्हीवर येतो. टीव्हीचा पडदाही मोठा झाला आहे. पण टीव्ही जितका सडपातळ झाला, तितकी त्यातल्या स्पीकरची जागा कमी झाली. बऱ्याच टीव्हींचे स्पीकर खाली किंवा मागच्या भिंतीकडे तोंड करून असतात. त्यामुळे पात्रं बोलू लागली की आजी विचारतात, ''काय म्हणाला गं तो?'' आवाज वाढवावा, तर पुढच्याच मिनिटाला मारामारी सुरू होते आणि आत झोपलेलं बाळ दचकून उठतं.

मग सणासुदीच्या सवलतीत एका खोक्यातला तयार संच घरी येतो. पैसे एकदम जातात आणि अशा अनेक संचांत मुख्य भाग बिघडला की बाकीचे स्पीकरही निकामी होतात. त्यापेक्षा एकेक भाग घेत दोन-तीन वर्षांत होम थिएटर उभं करा. खर्च विभागला जातो, प्रत्येक भाग ऐकून निवडता येतो आणि बिघडला तर तेवढाच बदलता येतो. फक्त खरेदीचा क्रम नीट ठरवा.

५.१ म्हणजे काय?

समोर डावा आणि उजवा, मध्ये सेंटर आणि बसायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना सराउंड, असे पाच स्पीकर. शेवटचा '.१' म्हणजे सबवूफर. १९९२ साली 'बॅटमॅन रिटर्न्स' या सिनेमासोबत डॉल्बी डिजिटलचा ५.१ आवाज थिएटरमध्ये आला. यात बहुतेक संवाद सेंटरमधून येतात, संगीत मुख्यतः डाव्या-उजव्यातून, पाऊस-गर्दी सराउंडमधून आणि ढगांचा गडगडाट सबवूफरमधून.

पहिला टप्पा : रिसीव्हर आणि दोन स्पीकर

एव्ही रिसीव्हर टीव्हीकडून आलेला आवाज वेगवेगळा करतो, त्याला ताकद देतो आणि ज्याच्या त्याच्या स्पीकरकडे पाठवतो. आज दोनच स्पीकर घेणार असलात, तरी रिसीव्हर किमान ५.१चा घ्या. टीव्ही आणि रिसीव्हर दोन्हींवर 'ईएआरसी' लिहिलेली एचडीएमआयची जागा असेल तर उत्तम, जुन्या टीव्हीवर 'एआरसी' असली तरी काम भागतं.

जोडणी झाल्यावर रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये 'सेंटर नाही, सराउंड नाही, सबवूफर नाही' अशी नोंद करा. मग सेंटरचे संवाद आणि सराउंडचा आवाज तो या दोघांतूनच ऐकवतो. ही नोंद राहिली, तर संवाद नसलेल्या स्पीकरकडे जातात आणि नवी वस्तू बिघडलेली वाटते.

स्पीकर घेताना खोक्यावरच्या हजारो वॉटला भुलू नका. 'पीएमपीओ'चा आकडा सोडून 'आरएमएस' बघा. त्याहून उपयोगी आकडा संवेदनशीलतेचा, म्हणजे सेन्सिटिव्हिटीचा. वॉट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलनी वाढतो. म्हणजे ८५ऐवजी ८८ डेसिबलचा स्पीकर तेवढाच आवाज निम्म्या ताकदीत देतो. स्पीकरचे ओहम रिसीव्हरच्या मागे लिहिलेल्या मर्यादेत बसतात का, हेही दुकानातच तपासा. वायर जोडताना लाल टोक लालला आणि काळं काळ्याला. एका स्पीकरचं उलटं झालं तर आवाज पोकळ येतो.

दुसरा टप्पा : सेंटर

इथे अनेकांना सबवूफरचा मोह होतो. टीव्हीसमोर अगदी मध्ये एक-दोघंच बसत असतील, तर आधी सबवूफर घ्यायला हरकत नाही, कारण दोन स्पीकरमधले संवादही त्यांना पडद्यातूनच आल्यासारखे वाटतात. पण आपल्याकडे एक जण सोफ्याच्या टोकाला, दुसरा खुर्चीत, मुलं खाली सतरंजीवर. कडेला बसलेल्याला संवाद जवळच्या स्पीकरमधूनच येताना जाणवतात. सेंटर आला की सगळ्यांना ते पडद्याकडूनच ऐकू येतात.

सेंटर शक्यतो पुढच्या जोडीच्याच कंपनीचा आणि त्याच मालिकेतला घ्या. नाहीतर पात्र पडद्यावर डावीकडून उजवीकडे गेलं की त्याचा आवाज बदलल्यासारखा वाटतो. म्हणून जोडी घेतानाच त्या मालिकेत सेंटर मिळतो का, ते विचारून ठेवा. तो टीव्ही युनिटच्या कप्प्यात आत ढकलू नका. पुढच्या कडेला आणा आणि तोंड थोडं वर, ऐकणाऱ्याच्या कानाकडे करा.

तिसरा टप्पा : सबवूफर

साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो, ते कानाला नीट कळत नाही. त्यामुळे सबवूफरची जागा बदलायची मोकळीक असते. एक जुनी युक्ती आहे. सबवूफर तुमच्या नेहमीच्या बसायच्या जागी ठेवा, खालच्या सुरांचं गाणं लावा आणि खोलीत कडेकडेनं रांगत फिरा. जिथे आवाज भरीव पण स्वच्छ लागेल, तिथे सबवूफर ठेवा. मुलांना हे काम फार आवडतं!

कोपऱ्यात आवाज मोठा होतो, पण बऱ्याचदा घुमतो. फ्लॅटमध्ये सबवूफरखाली जाड फोम ठेवा, म्हणजे कंपनं खालच्या घरात कमी जातात. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रिसीव्हरमध्ये 'नाइट मोड' असेल तर रात्री तो लावा. त्यानं मोठे आवाज दबतात आणि संवाद ऐकू येत राहतात.

चौथा टप्पा : सराउंड

यांच्यावर सर्वांत कमी खर्च केला तरी चालतो. घरात जुन्या म्युझिक सिस्टिमचे स्पीकर असतील आणि त्यांचे ओहम जुळत असतील, तर तेच वापरून बघा. त्याआधी शंकूभोवतीची फोमची कड दाबून पाहा. आपल्या दमट हवेत ती भुगा होते, पण दुरुस्तीवाले ती बदलून देतात. सराउंड सोफ्याच्या दोन्ही बाजूंना, किंचित मागे आणि कानापेक्षा थोडे वर लावा. घराला रंग देणार असाल, तर त्याआधीच भिंतीतून वायरसाठी पाइप टाकून घ्या.

खोली आणि मोजणी

गुळगुळीत फरशी आणि मोकळ्या भिंती आवाज परत फेकतात. खोलीत एक टाळी वाजवा. ती खणखणत राहिली, तर आधी जाड पडदे लावा, गालिचा अंथरा, पुस्तकांचं कपाट हॉलमध्ये आणा. अनेक रिसीव्हरसोबत मोजणीचा छोटा माइक येतो. पंखा आणि एसी बंद करून तो बसल्यावर कान येतो त्या उंचीवर ठेवा. नवा भाग जोडला की मोजणी पुन्हा करा.

खोली लहान असेल आणि हा व्याप नको असेल, तर चांगला साउंडबार पुरेसा आहे. फक्त पुढे त्याला दुसऱ्या कंपनीचे स्पीकर सहसा जोडता येत नाहीत. बदलीच्या नोकरीमुळे आज इंदूर, उद्या बंगळुरू करणाऱ्या कुटुंबांना सुट्या भागांचा फायदा असा की हॉल लहान मिळाला तर दोन-तीन स्पीकर लावा, मोठा मिळाला की बाकीचे बाहेर काढा.

प्रत्येक टप्प्यानंतर एक परीक्षा घ्या. आवाज वाढवायचा नाही, उलट कमी करायचा. कमी आवाजातही आजींना प्रत्येक वाक्य कळलं, तर पुढच्या भागासाठी पैसे जमवायला लागा. नाही कळलं, तर नवीन काही आणण्याआधी सेंटरची जागा, सेटिंग आणि खोलीचे पडदे पुन्हा बघा.