किलोच्या भावात आवाज विकू नका

आमच्या कॉलनीच्या तोंडाशी भंगारचं दुकान आहे. परवा तिथे एक जुना अॅम्प्लिफायर काट्यावर चढताना पाहिला. लाकडी कॅबिनेट, जाड गोल बटणं, पुढे सुईचे दोन मीटर. वजन झालं, पैसे दिले गेले आणि पुढच्या पाच मिनिटांत हातोडीने त्याचा निकाल लागला. ट्रान्सफॉर्मर तांब्याच्या ढिगात, मागचा अॅल्युमिनियमचा पत्रा पोत्यात, सर्किट बोर्ड वेगळ्या गोणीत.

‘काका, चालू होता का हो?’ मी विचारलं.

‘लावून कुणी बघितलंय?’ काका म्हणाले.

काकांवर चिडण्यात अर्थ नाही. त्यांचा धंदा वजनावर चालतो आणि तांब्याला भाव आहे. पण आपण? घरातून ती वस्तू बाहेर काढताना एकदा वाजवून बघावी, असं आपल्यालाही वाटलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, रेट्रो तर सध्या जोरात आहे! कॅफेच्या भिंतीवर व्हॉल्व्हचा रेडिओ असतो, रीलमध्ये मागे रेकॉर्ड प्लेअर दिसतो. खरंय. पण त्यातले किती वाजतात? काही जण तर जुन्या रेडिओचं पोट रिकामं करतात, आत ब्लूटूथचा बोर्ड बसवतात आणि त्याला ‘रिस्टोरेशन’ म्हणतात. माझ्या मते भंगारवाल्याच्या हातोडीत आणि यात फार फरक नाही. सेट आधीच मेलेला असेल तर ठीक. पण दुरुस्त होऊ शकणारा सेट फक्त दिसण्यासाठी का मारायचा?

जुन्या टेपचा आवाज मोबाइलपेक्षा भारी असतो, असला दावा मी करणार नाही. टेपमध्ये खरखर असते. सिनेमाची गाणी ऐकायची तर फोन पुरे. मुद्दा वेगळा आहे.

फिलिप्सने १९६३ मध्ये कॅसेट आणली. पुढे ऐंशी-नव्वदच्या दशकांत आपल्याकडे घरोघरी टू-इन-वन आले. रेडिओ फक्त ऐकवायचा. या डब्याला रेकॉर्डिंगचं बटणही होतं. लोकांनी ते मनसोक्त दाबलं. बारशाचे पाळणे, आजोबांची भजनं, पहिलीतल्या बाळाची कविता, आखातात नोकरीला गेलेल्या माणसाला कॅसेटवर बोलून पाठवलेली ‘पत्रं’. या रेकॉर्डिंगची जगात एकच प्रत असते आणि ती तुमच्या माळ्यावर, बुटाच्या खोक्यात पडलेली असते. ती ऐकवणारं यंत्र मात्र आपण किलोवर विकून मोकळे झालोय.

माझ्या घरीही हेच झालं होतं. आजीच्या जात्यावरच्या ओव्यांची कॅसेट सापडली, पण लावायची कशावर? शेवटी जुन्या बाजारातून ४०० रुपयांत एक बंद डेक आणला. उघडला तर आतल्या रबरी बेल्टचा डांबरासारखा चिकट लगदा झालेला. तो पुसायला एक संध्याकाळ गेली. तपकीर गल्लीत मापाचा बेल्ट मिळाला, हेड साफ केलं आणि आजी बोलायला लागली. तिसऱ्या ओवीत ती मध्येच थांबते आणि विचारते, ‘अगं, हे सुरू आहे ना?’ मागे कुकरची शिट्टी होते. बाबांनी तेवढाच तुकडा चार वेळा ऐकला.

म्हणून सांगते, हातोडीच्या आधी तुम्ही पोहोचा. त्यासाठी फार पैसे लागत नाहीत. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, मुंबईत चोरबाजार आहे. पण सगळ्यात चांगली जागा म्हणजे तुमच्या गल्लीतला भंगारवाला. त्याला फोन नंबर देऊन ठेवा. ‘टेप, रेडिओ, अॅम्प्लिफायर आला तर फोडू नका, आधी मला सांगा, वजनाच्या वर पैसे देतो’ म्हणा. आणि खरंच द्या.

घेताना काय बघाल? डेक फिरत नसेल तर घाबरू नका, बहुतेकदा बेल्टच गेलेला असतो. स्पीकरच्या कडेचा फोम कुजला असेल तर तोही बदलता येतो. सेलच्या खणात हिरवा-पांढरा थर दिसला तर मात्र तो बोर्डापर्यंत पोहोचलाय का, नीट पाहा. नॉब फिरवताना खरखर येणं ही किरकोळ गोष्ट आहे; साफ केल्यावर बऱ्याचदा जाते.

एक गोष्ट मात्र कानाला खडा लावून लक्षात ठेवा. वर्षानुवर्षं बंद असलेला सेट आणला आणि थेट प्लग लावला, असं करू नका. जुने मेकॅनिक आधी शंभर वॉटचा साधा बल्ब सिरीजमध्ये जोडतात. बल्ब लख्ख पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे असं समजायचं. व्हॉल्व्हच्या रेडिओला तर एकट्याने हात लावूच नका. त्यात शेकडो व्होल्ट खेळत असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. जाणकाराच्या शेजारी बसा.

हे जाणकार अजून आहेत. गावागावात, पेठेत, एखाद्या बोळात ‘रेडिओ-टीव्ही रिपेअरिंग’ची पुसट पाटी दिसते. आत सोल्डरिंगचा धूर, चष्मा कपाळावर सरकवलेले काका. त्यांच्याकडे शिकायला कुणी येत नाही. इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्यांनो, तुमच्या लॅबमध्ये न दिसणारे फॉल्ट तिथे रोज दिसतात. मजुरीत घासाघीस न करता शेजारी स्टूल टाकून बसा.

डेक चालू झाला की आधी एखादी टाकाऊ कॅसेट लावून बघा. आजीची कॅसेट पहिल्या फेरीत घालू नका. टेप आत गुंडाळली गेली तर पस्तावाल. मग ती कॅसेट एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्या. डेकच्या हेडफोनच्या खाचेतून वायर काढा, स्वस्तातलं यूएसबी साउंड कार्ड मध्ये घालून लॅपटॉपला जोडा आणि ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरवर रेकॉर्ड करा. तासाभराच्या कॅसेटला तासभरच लागतो. ती फाइल घरच्या ग्रुपवर टाका आणि काय होतं ते बघा.

सगळंच वाचेल असं नाही. घराचं गोदाम करा, असंही मी म्हणत नाही. जे खरंच गेलंय ते ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे जाऊ द्या. पण यंदा दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचा टू-इन-वन खाली उतरेल, तेव्हा तो काट्यावर ठेवण्याआधी झाकण तरी उघडा. आत एखादी कॅसेट राहिली असेल.